जित्ता फोटो

फोटोत वस्ताद डोळे मिटून उभे आहेत. डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा जाड हार, मागे काळोख. फोटो कृष्णधवल आहे. कार्यक्रमांचे जे फोटो मी आजवर काढले, त्यांत हा मला सर्वांत चांगला वाटतो आणि तो आता कुठेही पाहायला मिळत नाही. तो मीच काढून घेतला.

वस्ताद म्हणजे हडपसरच्या पुढे, महापालिकेत आलेल्या एका गावच्या तालमीचे वस्ताद. गावाच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, रस्त्याला बसथांबा आला, तालीम मात्र आहे त्या जागी, पत्र्याच्या छपराखाली राहिली. वस्तादांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा शिष्यांनी सत्कार ठरवला. त्यांच्यातला एक बांधकाम साहित्याचा व्यापार करतो. त्याने मला बोलावले. वृत्तपत्रातली छायाचित्रकाराची नोकरी मी तोवर सोडली होती. समारंभांचे फोटो काढणे हेच काम होते आणि ते मिळायचे समाजमाध्यमावरच्या माझ्या पानामुळे. लोक पानावरचे फोटो पाहत आणि फोन करत.

व्यापारी शिष्याने कामाचे स्वरूप फोनवरच सांगितले. स्टेज, पाहुणे, भाषणे हे नेहमीचे सगळे हवेच होते. त्याशिवाय एक गोष्ट हवी होती. वस्तादांच्या घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तरुणपणीच्या कुस्त्यांचे होते ते कुणी कुणी नेले आणि परत आणले नाहीत. तो म्हणाला, "काकींना घरात लावायला एक फोटो पाहिजे. बाकी सगळे बिघडले तरी चालतील." काकी म्हणजे वस्तादांच्या पत्नी.

कार्यक्रम तालमीसमोरच्या मैदानात, संध्याकाळी होता. मी उजेड असतानाच पोहोचलो आणि स्टेज पाहून काय काय अडचणी येणार ते लक्षात आले. मागे एलईडी पडदा होता. त्यावर जाहिराती आणि वस्तादांचे नाव आलटून पालटून येत होते. अशा पडद्यासमोर शटरचा वेग वाढवला की फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. वेग कमी ठेवला की पट्टे जातात, पण हलणारा माणूस पुसट होतो. स्टेजच्या दोन्ही बाजूंना रंगीत दिवे होते आणि ते गाण्याच्या ठेक्यावर गुलाबी, हिरवे, निळे होत होते. धूर सोडायचे यंत्रही होते. धुरात फ्लॅश मारला तर उजेड धुरावरूनच परत येतो आणि माणसाऐवजी पांढरी भिंत मिळते. म्हणजे फ्लॅश बंद.

दिवेवाल्याकडे गेलो. हार घालतील तेवढा वेळ पांढरा प्रकाश स्थिर ठेवता येईल का, असे विचारले. त्याने नम्रपणे नकार दिला. म्हणाला, "साहेब, पांढरा लावला की पब्लिकला वाटतं लाइट गेली."

वृत्तपत्रात असताना यापेक्षा वाईट परिस्थितीत फोटो काढले होते. खडकवासल्यातून पाणी सोडले की नदीवरच्या पुलांवर उभे राहावे लागे, तेव्हा कॅमेऱ्याला दुधाची रिकामी पिशवी बांधून मी काम केले आहे. त्या दिवसांत एक गोष्ट शिकलो होतो. परिस्थिती बदलता येत नसेल तर तिच्यात स्थिर काय आहे ते शोधायचे. त्या संध्याकाळी स्टेजवर स्थिर असे एकच होते, ते म्हणजे वस्ताद. पाहुणे हलत होते, कार्यकर्ते मोबाइल उंचावून एकमेकांपुढे येत होते. वस्ताद मात्र जिथे उभे केले तिथे उभे होते. हाताची घडी नाही, चुळबूळ नाही. मी शटरचा वेग कमी ठेवला आणि फक्त त्यांच्याकडे पाहत राहिलो.

क्रेनने उचललेला भलामोठा हार आला. त्यात चार-पाच पुढाऱ्यांनी आपापली डोकी घातली आणि वस्ताद मधे कुठेतरी दिसेनासे झाले. तो हार बाजूला गेल्यावर तालमीतल्या मुलांनी साधा झेंडूचा हार घातला. त्याच वेळी कुणीतरी चमकीच्या कागदांची नळी उडवली. पुढारी वाकून कपडे झटकू लागले. वस्तादांनी फक्त डोळे मिटून घेतले. पडद्यावर एक जाहिरात संपली होती, दुसरी लागायची होती, त्यामुळे मागे अंधार होता. तेवढ्यात मी बटण दाबले.

घरी संगणकावर पाहिले तेव्हा चेहरा अर्धा गुलाबी आणि अर्धा हिरवा होता. असा एकरंगी प्रकाश असला की त्वचेचा मूळ रंग कॅमेऱ्यात नोंदलाच जात नाही, त्यामुळे तो नंतर परत आणता येत नाही. रंग काढून टाकला आणि चित्र बदलले. कपाळावरच्या आठ्या, कुस्तीत मुडपलेले कान, हाराची प्रत्येक पाकळी दिसू लागली. मिशीत अडकलेली चमकी पांढऱ्या केसांसारखी वाटत होती. याहून जास्त काही केले नाही. फोटोत काही घालायचे नाही आणि काही पुसायचे नाही, हा नियम मी नोकरीबरोबर सोडलेला नव्हता.

सोमवारी दुपारी हा फोटो पानावर टाकला. खाली सवयीने ओळी लिहिल्या. फोटोखालच्या ओळीत विशेषणे नकोत, माहिती हवी, हेही वृत्तपत्रातलेच वळण. ओळी अशा होत्या: "तालमीचे ज्येष्ठ वस्ताद. पन्नास वर्षे तालीम सांभाळली. मल्ल घडवले. शिष्यांनी रविवारी मानवंदना दिली."

यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

पहिली प्रतिक्रिया आली ती "अप्रतिम टिपले आहे" अशी. दुसरीही तशीच. तिसरी होती "भावपूर्ण श्रद्धांजली", पुढे जोडलेले हात. लिहिणाऱ्याने काय पाहिले हे मला नंतर त्याच्या जागी बसून पाहिल्यावर कळले. कृष्णधवल चित्र, मिटलेले डोळे, गळ्यात हार, मागे काळोख. पुण्यातल्या कोणत्याही चौकातल्या फ्लेक्सवर असा फोटो एकाच कारणासाठी लागतो. खाली "सांभाळली", "घडवले" आणि मानवंदना. त्यानंतरच्या लोकांनी फोटोखालच्या ओळी वाचल्याच नाहीत, आधीची प्रतिक्रिया वाचली आणि तीच पुढे लिहिली. कुणी विचारले, "कधी झालं? कळलंच नाही." कुणी त्याला उत्तर दिले, "रविवारी." मी त्या वेळी कात्रजला एका साखरपुड्यात होतो आणि फोन पिशवीत होता.

संध्याकाळी फोन पाहिला तेव्हा फोटो माझ्या पानावरून इतरांच्या गटांत गेलेला होता. मी लगेच प्रतिक्रियांमध्ये लिहिले की वस्ताद हयात आहेत. ते वाक्य जोडलेल्या हातांच्या रांगेत खाली गेले. मी मूळ ओळी बदलल्या, पण ज्यांनी फोटो आधीच उतरवून घेतला होता त्यांच्यापर्यंत बदल पोहोचणार नव्हता. त्यांच्यात येत्या निवडणुकीसाठी इच्छुक असलेला एक कार्यकर्ता होता.

मंगळवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर वस्तादांचा माझा फोटो होता आणि शेजारी इच्छुकाचा, रंगीत, थोडा मोठा. भाजी आणायला गेलेल्या काकींनी तो पाहिला. निघताना त्या वस्तादांना चहा देऊन आल्या होत्या.

शिष्यांनी फ्लेक्स उतरवला. इच्छुकाने तालमीत येऊन वस्तादांचे पाय धरले आणि त्याचाही फोटो काढून घेतला, असे मला सांगण्यात आले. मग राग वळला माझ्याकडे, आणि तो वळणे स्वाभाविक होते. पानावर आता वेगळी रांग लागली. लाइकसाठी जिवंत माणूस मारला, असे काहींनी लिहिले. काहींना हा पेपरवाल्यांचा जुना धंदा वाटला. फोटो संगणकावर तयार केला आहे, असे एकाने ठामपणे सांगितले. गावातल्या एका तरुणाने लिहिले की शहरातल्या फोटोग्राफरला गावचा माणूस मेल्याशिवाय दिसत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचले. पेठेतल्या कुणाचे असावे असे एक होते: "छायाचित्र उत्तम. छायाचित्रकारास वर्तमानकाळ शिकवणे." ते मुद्द्याला धरून होते.

नोकरीत असताना चूक झाली की दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा आणि त्यावर पुन्हा चर्चा करायची नाही, अशी पद्धत होती. आमचे मुख्य उपसंपादक म्हणायचे की खुलासा चुकीपेक्षा लांब नसावा. मी तसाच लिहिला. छायाचित्रातील वस्ताद हयात आहेत. सत्कार त्यांच्या उपस्थितीत झाला. ओळींमधल्या भूतकाळामुळे गैरसमज झाला, चूक माझी. "त्यांची प्रकृती स्थिर आहे" असे लिहायचे मुद्दाम टाळले. बातम्यांत स्थिर असलेल्या माणसाविषयी लोक वेगळा अर्थ काढतात. खुलाशाखाली पहिले उत्तर आले: "हयातीचा दाखला जोडावा."

पुष्कळांनी फोटो काढून टाका म्हटले. मी टाकला नाही. चुकलेल्या होत्या त्या ओळी, फोटो नव्हे, असे माझे मत होते. शिवाय चूक झाल्यावर मजकूर गायब करणे म्हणजे ती लपवणे, हे इतकी वर्षे मानत आलो होतो. प्रत्येकाला उत्तर देत बसलो नाही. ज्यांनी खरोखर काही विचारले त्यांना खुलासा दाखवला, बाकीचे वाचून सोडून दिले. आणखी दोन दिवसांत लोक दुसऱ्या विषयाकडे वळतील, हेही मला माहीत होते.

बुधवारी व्यापारी शिष्याचा फोन आला. तो चिडलेला नव्हता. वस्तादांचे काही नाही, ते हसण्यावारी नेत आहेत, असे म्हणाला. मग म्हणाला, "काकींचं मात्र बरं न्हाय. त्या कुणाशी बोलंनात. तुम्ही एकदा येऊन जा."

वस्तादांचे घर तालमीच्या मागे, एका नव्या इमारतीच्या पार्किंगला लागून आहे. इमारत उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. ओट्यावर वस्ताद खुर्चीत बसले होते. मला पाहून त्यांनी दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"या. बघा, हाय का न्हाय."

मी माफी मागितली. ते म्हणाले की मेल्याची आवई उठली की माणसाचे आयुष्य वाढते असे सगळे म्हणत आहेत. "फोटोवाल्यानं धा वर्सं दिली मला."

आतून काकींचा आवाज आला. "तुमाला दिली. माझी किती गेली ते इचारा."

त्या बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीपाशी बसल्या. बोलल्या त्या माझ्याशी, पण पाहत होत्या रस्त्याकडे. मंगळवारपासून घरी बायका येत होत्या. लांबच्या, सासवडकडच्या, काही गावातल्याच. वस्ताद ओट्यावर बसलेले दिसत होते तरी त्या आत येत होत्या. आल्यावर काय बोलायचे ते त्यांनाही सुचत नव्हते.

काकी म्हणाल्या, "येती ती आधी माझ्या कपाळाकडं बघती. मग माझ्याकडं."

 

मग काकींनी विचारले की तो फोटो अजून फोनमध्ये दिसतो का. मी हो म्हणालो. तो चुकीचा नाही, फक्त खालचा मजकूर चुकला होता आणि तो मी दुरुस्त केला आहे, असे सांगायला सुरुवात केली. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की हे स्पष्टीकरण मी पानावरच्या लोकांसाठी तयार केले होते. काकी ते पान पाहत नव्हत्या. त्यांना फक्त घरात लावायला एक फोटो हवा होता, आणि आता येणाऱ्या प्रत्येक बाईने तो घरात लागायच्या आधीच पाहिलेला होता.

"मला त्यो घरात नको," त्या म्हणाल्या. "असा काळा करून का केला पर?"

मी दिव्यांचे सांगितले. रंगीत मूळ फोटो फार बिघडलेला होता, चेहरा ओळखू येईना, म्हणून रंग काढला. त्या म्हणाल्या, "दावा की मग."

लॅपटॉप बरोबर होता. न सुधारलेला फोटो मी कधी कुणाला दाखवत नाही. तो आचाऱ्याने अर्धे शिजलेले ताट पुढे करण्यासारखा प्रकार वाटतो. पण उघडला. काकी जवळ येऊन बसल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. एक गाल गुलाबी, दुसरा शेवाळासारखा हिरवा, फेटा जांभळा. मिशीत आणि भुवईवर चमकी लखलखत होती. कृष्णधवलमध्ये जे पांढरे केस वाटत होते ते इथे उघडउघड चमकीचे कागद होते.

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. "रंगपंचमी खेळून आल्यागत दिसतंय."

वस्तादांनी मान वाकडी करून पाहिले. "ह्यो मी? लग्नातला घोडा दिसतोय."

"दिसू द्या," काकी म्हणाल्या. "मिशीला चमकी लागलेलं मानूस कुनी मेलेलं म्हनंल का? मला ह्योच पाहिजे."

मी सांगायचा प्रयत्न केला की फोटो म्हणून हा चांगला नाही. रंग खोटे आहेत. उद्या तालमीत सकाळच्या उजेडात मी नवीन काढून देतो, सत्काराचाच फेटा बांधून.

"चांगला कुनी मागितला?" त्या म्हणाल्या. "जित्ता मागितला."

त्यानंतर काय करायचे यावर विचार करण्यासारखे फारसे उरले नाही. ओट्यावर बसूनच मी पानावरचा कृष्णधवल फोटो काढून टाकला. त्याखालच्या सगळ्या प्रतिक्रिया, चांगल्या, वाईट आणि माझा खुलासा, त्याच्याबरोबर गेल्या. जिथे तो टाकला होता तिथे गुलाबी-हिरवा फोटो टाकला. ओळी या वेळी काकींना वाचून दाखवल्या: "वस्ताद तालीम सांभाळतात. पंचाहत्तरी झाली, रोज पहाटे मातीत असतात. आधीचा फोटो घरच्यांच्या इच्छेवरून काढून घेतला आहे. त्याखालचे चुकीचे शब्द माझे होते." काकी म्हणाल्या, "सांभाळत्यात" असे लिहा. वस्ताद म्हणाले, राहू दे, पुण्याची मानसं वाचनार हायत.

निघताना मी लॅपटॉप मिटत होतो तेव्हा काकींनी हलक्या आवाजात विचारले, दुसरा पार पुसून टाकला का. पानावरून पुसला, माझ्याकडे आहे, असे मी सांगितले. त्यांनी एकदा वस्तादांकडे पाहिले. ते इमारतीच्या वॉचमनला गेट नीट लावायला सांगत होते.

"असू द्या तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "त्यात त्येंचं कान लई चांगलं आल्यात. लागंल तवा मागू."

संध्याकाळपर्यंत पानावर लिहिले गेले की टीका झाल्यावर फोटो डिलीट करून पळाला. हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते माझ्याच व्यवसायातल्या एका ओळखीच्याने लिहिले. वृत्तपत्रात वर्षे काढलेल्या माणसाला व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग जुळवणे, कळू नये, त्वचेचा रंग असा यावा आणि तो त्याने अभिमानाने लोकांसमोर ठेवावा, याचे त्याला वाईट वाटले होते. त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. अशा प्रकाशात काय करता येते हे मला येत होते आणि केलेलेही होते. त्या कृष्णधवल फोटोची प्रत त्याला खासगीत पाठवली असती तर त्याने शब्द मागे घेतले असते. मी ती पाठवली नाही. त्याच्या प्रतिक्रियेखाली काहीच लिहिले नाही.

त्या फोटोमुळे काही कामे गेली असावीत. विचारणा करणारे पान चाळत खाली जातात आणि त्या गुलाबी-हिरव्या चेहऱ्यापाशी थबकतात, हे त्यांच्या बोलण्यावरून कळते. एका वधूपित्याने स्पष्टच विचारले की आमच्या मुलीचे असे रंग येणार नाहीत ना. मी सांगितले, दिवेवाल्याशी आधी बोलून घेऊ. तेव्हापासून कोणतेही काम घेताना मी पहिला फोन दिवेवाल्याला करतो. काही जण ऐकतात.

दिवाळीत व्यापारी शिष्याने वस्तादांच्या घरातल्या भिंतीचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. दारासमोरच्या भिंतीवर, आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा जागी तो गुलाबी-हिरवा फोटो चौकटीत लावलेला आहे. त्याला हार नाही. हार काकी लावू देत नाहीत, असे त्याने कळवले.

दुसरा माझ्याकडे आहे, त्याची मोठी प्रतही करून ठेवली आहे. तो अजून कुणी मागितलेला नाही.